बरणी, वेष्टन आणि पन्नास मीटर

जून २०२२ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यातून करोनाची दोन वर्षं सरून शाळा पहिल्यांदाच नेहमीसारख्या भरायच्या होत्या. अकोला जिल्ह्यातल्या ज्या गावात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली, तिथल्या शाळेतून फोन आला. "सर, एक दिवस येऊन जाता का? जरा नाजूक काम आहे." निवृत्त माणसाला कोणी बोलावलं की तो निघतोच. अमरावतीहून एसटी धरली आणि गेलो.

काम असं होतं. शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की एक छोटंसं दुकान आहे. वह्या, पेन्सिली, कुरकुरीत पाकिटं आणि काचेच्या जागी आता प्लास्टिकच्या झालेल्या बरण्यांमधल्या गोळ्या-चॉकलेटं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नवा नियम वाचला गेला होता. जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत शाळेच्या मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. ते दुकान चालवणारी बाई माझी जुनी विद्यार्थिनी. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, पुढे नवरा गेला आणि सासूचं दुकान हिच्याकडे आलं. तिला सांगायचं कोणी? तर गुरुजींनी!

खेळाच्या खोलीतून टेप आणली. लांब उडी मोजायची, तीस मीटरची. एकदा पूर्ण ताणली, खडूने रस्त्यावर खूण केली, पुन्हा धरली. अडतीस मीटर भरलं. मुख्याध्यापकांनी वहीत आकडा लिहिला. ती फळीला टेकून सगळं शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "गुर्जी, एक इचारू का? पंधरा ऑगस्टले शायेत गोया कोन वाटत होतं जी? तुमीच ना?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. परतीच्या एसटीत मात्र तिचा प्रश्न माझ्या शेजारीच बसून अमरावतीपर्यंत आला. तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण गोळीचा इतिहास कधी शिकवला नव्हता. तो स्वतःलाच शिकवावा म्हणून हे लिहितो आहे.

माझं लहानपण पन्नासच्या दशकातलं. १९५७ साली दशमान पद्धतीचे नवे पैसे आले, तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. एका नव्या पैशाला किती गोळ्या, हेच आमचं पहिलं अंकगणित. त्या गोळ्यांना नाव नव्हतं. लाल, पिवळी, हिरवी, एवढीच ओळख. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची एक असायची, तिला आम्ही 'संत्र्याची गोळी' म्हणायचो. संत्र्यांच्या मुलखात राहून आम्हाला त्या गोळीचं अप्रूप जास्त! वेष्टन नाही, कंपनी नाही, किंमत छापलेली नाही. दुकानदार बरणीचं झाकण काढून हात घालायचा आणि मोजून आमच्या हातावर ठेवायचा. याखेरीज गोड म्हणजे गूळ-दाण्याची चिक्की, रेवड्या, बत्तासे, होळीला गळ्यात घालायच्या साखरेच्या गाठ्या. आणि चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेला गेलो तर तिथून आणलेला खाऊ, तो मात्र वर्षातून एकदाच.

त्या काळातही कायदा होता बरं का. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, त्याचे नियम १९५५ चे. पण त्या कायद्याची नजर बरणीच्या आत होती. गोळीत कोणता रंग घातला, तो खाण्याचा की कापड रंगवायचा, हा त्याचा प्रश्न. सरकारने काही मोजकेच कृत्रिम रंग खाण्यासाठी मान्य केले आणि बाकीचे नाकारले. मेटॅनिल यलोसारखा रंग मिठाईत घालणं गुन्हा ठरलं. ही लढाई अजून संपलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने 'म्हातारीच्या केसां'वर बंदी आणली, कारण त्या गुलाबी साखरेत रोडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडला होता. म्हणजे पहिल्या पिढीचा कायदा खोट्या मालाविरुद्ध होता. गोळी खरी असेल तर तिच्याशी त्याचं भांडण नव्हतं.

गोळीला नाव कधी मिळालं? आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दोन गावांची नावं घ्यावी लागतात. पहिलं विलेपार्ले. १९२९ साली तिथे चौहान कुटुंबाने कारखाना काढला. पहिला माल होता संत्र्याच्या गोळ्यांचा, बिस्किटं नंतर आली. गावाचंच नाव कंपनीला दिलं, पार्ले. दुसरं गाव नाशिक जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना उभा केला आणि १९४२ साली त्याच साखरेतून गोळ्या करायला सुरुवात केली. एका खेडेगावाचं नाव देशभरातल्या पोरांच्या तोंडी गेलं ते असं. पुढे 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' याच घरातले. पार्ल्याकडून १९६३ मध्ये 'किसमी', १९८३ मध्ये 'मेलडी' आली.

नाव आलं की वेष्टन येतं. गोळीला कागद गुंडाळला तो स्वच्छतेसाठी, असं आपण समजतो. ते खरंही आहे. पण त्या कागदावर नाव छापलेलं असतं, आणि गोळी विरघळून गेल्यावरही कागद खिशात राहतो. आमच्या वर्गात पोरी चकचकीत कागदांच्या बाहुल्या करायच्या, पोरं वहीत दाबून ठेवायची. एक पैसा न घेता आम्ही त्या नावांची जाहिरात घरोघर नेत होतो.

मग आवाज आला. विविध भारतीवर जाहिराती १९६७ मध्ये सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. नागपूर म्हणजे आम्हा वऱ्हाडकरांना शेजारचंच. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ मध्ये. रंगीत टीव्ही आला १९८२ ला, आणि दोन-तीन वर्षांत आमच्या गावातही ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर अर्धं गाव बसू लागलं. तोवर पोरं दुकानात जाऊन बोट दाखवायची, "ते लाल दे." आता नाव घेऊन मागू लागली. एक शिक्षक म्हणून मला तेव्हा याचं कौतुकच वाटलं. पोरांचे उच्चार सुधारले म्हणून!

जाहिरातीवर लगाम अगदीच नव्हता असं नाही. १९८५ साली जाहिरात-क्षेत्रातल्या मंडळींनी स्वतःच एक परिषद काढली आणि आचारसंहिता केली. पण तिचा मुख्य रोख खोट्या दाव्यांवर. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला, तो ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे लागू झाला आणि १९५४ चा जुना कायदा गेला. या नव्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ही दुसरी पायरी. पहिल्या पिढीत खोटा माल पकडला, दुसऱ्या पिढीत खोटी जाहिरात.

आता गंमत बघा. गोळीची जाहिरात खोटी कुठे असते? ती म्हणते, मी गोड आहे. ती असतेच गोड. ती म्हणते, मला खाऊन मजा येते. येतेच मजा. खोटं पकडणाऱ्या कायद्याच्या हाती गोळीचं काहीच लागत नाही. जिथे औषधीपणाचा, ताकदीचा आव आणला जातो तिथे मात्र लागतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. पण गोळी बिचारी असा कुठलाच आव आणत नाही.

म्हणून तिसरी पायरी लागली, आणि ती माझ्या मते साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी आहे. माल खरा असो, जाहिरात खरी असो, तरीही अमुक ठिकाणी, अमुक वयाच्या मुलापुढे तिचा प्रचार करायचा नाही, असं कायद्याने म्हणायचं. जगात ही सुरुवात जुनी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८० मध्येच तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती बंद केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सर्व देशांना शिफारशी दिल्या. चिली देशाने २०१६ मध्ये साखर-मीठ जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले, पाकिटावरची कार्टूनं काढायला लावली. अंड्याच्या आकाराच्या ज्या चॉकलेटात खेळणं लपवलेलं असतं, त्याची विक्रीही तिथे बंद झाली. ब्रिटनने रात्री नऊच्या आधी टीव्हीवर अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत आणि ऑनलाइन पैसे देऊन तर कधीच करायच्या नाहीत असं ठरवलं. पण हा नियम पुढे ढकलत ढकलत शेवटी जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला.

आपल्याकडची वाट कोर्टातून गेली. २०१० साली दिल्लीच्या एका संस्थेने शाळांभोवतीच्या जंक फूडविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाला नियम करायला सांगितलं. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, गोळ्या-चॉकलेटं यांना मनाई केली. मग सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय प्राधिकरणाचे शाळांसाठीचे नियम आले, १ जुलै २०२१ पासून लागू झाले, आणि तेच ते पन्नास मीटर. त्यात फक्त विक्रीच नाही, फुकट वाटपालाही मनाई आहे. शाळेच्या आवारात अशा पदार्थांची नावं, बोधचिन्हं, पोस्टरं, पुस्तकांच्या कव्हरांवरच्या जाहिराती, काहीही चालणार नाही.

ही शेवटची ओळ वाचली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते सांगतो.

१९९६ सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीची माणसं जीप घेऊन आमच्या शाळेत आली. नाव लिहीत नाही. अतिशय सभ्य माणसं. म्हणाली, आम्हाला चित्रकला स्पर्धा घ्यायची आहे, कागद आमचे, रंग आमचे, बक्षिसं आमची. आमच्या शाळेत तेव्हा चित्रकलेच्या तासाला निम्म्या पोरांकडे रंग नसायचे. शिवाय शाळेसाठी एक पत्र्याचा सुंदर रंगवलेला फलक, वर 'सुविचार' असं ठळक, मधे खडूने लिहायला काळी जागा आणि खाली त्यांचं नाव. जाताना प्रत्येक मुलाला दोन-दोन गोळ्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काय हरकत आहे सर, लेकरांचं भलंच होतंय." पोचपावतीवर सही माझी आहे.

त्यानंतर कित्येक वर्षं मी स्वतः रोज सकाळी त्या फलकावर सुविचार लिहिला. सत्य, अहिंसा, परिश्रम. आणि त्या सगळ्याखाली गोळीचं नाव. पोरं रांगेत उभी राहून दोन्ही वाचायची. एखाद्या कंपनीला याहून चांगली जागा कुठे मिळाली असती? टीव्हीवरची जाहिरात काही सेकंदांची, आमची रोजची, आणि तीही गुरुजींच्या हस्ताक्षराला लागून.

त्या गोळ्या वाटल्या त्या आठवड्यात समोरच्या दुकानातल्या बिननावाच्या गोळ्या विकेनाशा झाल्या. तेव्हा दुकान हिच्या सासूचं होतं. म्हातारी आपली बरणी हलवून म्हणायची, "इतके दिवस खाल्ली, आता पोट्ट्यायले गोड लागंना!" शेवटी तिलाही तो नवा माल ठेवावा लागला. कंपनीने तिलाही दुकानावर लावायला पत्र्याची पाटी दिली. फुकट.

तर वाचकहो, या नियमांचा गोळी-चॉकलेटच्या ब्रँडवर परिणाम काय झाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे की नियम पोचले तेव्हा ब्रँड बरणीतून निघून गेले होते. नियमाच्या हाती बरणी लागली, ब्रँड नाही.

एकेक बघू. पहिली गोष्ट लेबलाची. पाकिटावर घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता हवा, हा नियम आपल्याकडे आहे. पण ज्या वेष्टनाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरहून जास्त नाही, त्याला यातून सूट आहे. ही माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर दिली की झालं. व्यवहार म्हणून हे बरोबरच, तेवढ्याशा कागदावर लिहिणार तरी काय? पण एका रुपयाची गोळी घेणाऱ्या पोराला ते मोठं पाकीट कधी दिसत नाही. गोळीत साधारण चार-पाच ग्रॅम ऐवज, जवळजवळ सगळा साखरेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या पाच टक्क्यांच्या आत वरची साखर ठेवली तर उत्तम असं सांगितलं, मोठ्या माणसाला ती सुमारे २५ ग्रॅम भरते, म्हणजे सहा चमचे. पाच-सहा गोळ्यांत मोठ्या माणसाचा दिवसभराचा वाटा संपला. पोराचा तर त्याआधीच.

दुसरी गोष्ट टीव्हीची. जून २०२२ मध्ये, आम्ही टेप धरून उभे होतो त्याच महिन्यात, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. मुलांच्या कार्यक्रमात आणि मुलांच्या वाहिनीवर जंक फूडच्या जाहिराती नकोत, भेटवस्तूचं आमिष दाखवून गरज नसताना मुलांना खरेदीला लावू नये. वाक्यं चांगली आहेत. पण त्यात नावानिशी उल्लेख आहे तो चिप्स आणि बुडबुड्याच्या पेयांचा, आणि 'तत्सम' खाण्यापिण्याचा. गोळी त्या 'तत्सम'मध्ये बसते की नाही, हे साखरेच्या आकड्यात कुठे सांगितलेलं नाही. दरम्यान मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी आपली जाहिरात कधीच मोठ्यांकडे वळवली होती. १९९४ सालची ती क्रिकेटच्या मैदानात नाचणारी मुलगी आठवते? ती लहान मूल नव्हती, तरुण बाई होती. पुढे राखीला, दिवाळीला मिठाईच्या जागी चॉकलेटचा डबा आला. देणारे आपण मोठे, खाणारी पोरं. यात मुलांना उद्देशून काही नाहीच, मग नियम लावणार कुठे?

तिसरी गोष्ट दुकानाच्या पलीकडची. २०१५ मध्ये एक रुपयाची कैरीच्या चवीची, आत मसाला भरलेली गोळी बाजारात आली. सुरुवातीला तिची जाहिरात जवळजवळ नव्हती, पोरांनीच एकमेकांना सांगितलं, आणि आठ महिन्यांत विक्री शंभर कोटी रुपयांवर गेली. माणसाच्या तोंडी पसरणाऱ्या जाहिरातीला कोणता नियम आवरणार?

आणि मग रावळगाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी वाचली की रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. मला वाटलं होतं, सरकारी नियमांनी जुनं नाव बुडवलं असेल. तसं नव्हतं. स्पर्धा वाढली, बाजारातला वाटा गेला, कच्चा माल, वीज, मजुरी महागली आणि गोळीची किंमत तर वाढवता येईना, अशी कारणं कंपनीनेच दिली. रुपयाच्या नाण्यात अडकलेला धंदा तो! मोठ्यांना दुसरे हात-पाय होते, पडदा होता, डबे होते, मॉल होते. रावळगावला बरणीच होती. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचं नाव २७ कोटींत. ज्या गोळीने माझ्या पिढीचं तोंड गोड केलं तिच्यासाठी मी चार ओळी लिहिल्या तर कोणी नावं ठेवू नयेत.

सरकारचंही एकमत दिसत नाही, हे सांगायला हवं. एकीकडे मे २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्या शाळांत 'साखर फलक' लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर ते मुलांना दाखवायचं. उत्तम कल्पना. दुसरीकडे त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, साखरेच्या गोळ्यांवरचाही पाचवर आला. एका हाताने फलक लावायचा, दुसऱ्या हाताने स्वस्त करायचं. गरिबाच्या लेकराला स्वस्तात गोड मिळावं यात मला वाईट वाटायचं कारण नाही. पण देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून पुढे आलं. त्यांतला एक मी. सकाळचा बिनसाखरेचा चहा घेताना हे दोन हात मला दिसतात.

मग नियम चुकीचा का? नाही. मी तसं म्हणत नाही. तंबाखूसाठी २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांची हद्द घातली, तेव्हाही लोक हसले होते, पानटपऱ्या तिथेच आहेत म्हणाले होते. खूप ठिकाणी आहेतही. पण त्या आकड्याने एक गोष्ट लिहून ठेवली की शाळेच्या भोवती एक जागा अशी आहे जिथे मुलाकडे गिऱ्हाईक म्हणून बघायचं नाही. गोळीसाठी ते लिहायला आणखी सतरा वर्षं लागली. ते लिहिलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझी तक्रार एवढीच की मोजायला सुरुवात आपण दुसऱ्याच्या दुकानापासून करतो.

कारण त्या दिवशी टेप गुंडाळून आम्ही व्हरांड्यात आलो, तर भिंतीवर तो फलक तसाच. २०२२ मध्ये, सव्वीस वर्षांनी! 'सुविचार' पुन्हा रंगवलेलं, मधली काळी जागा खरवडलेली, आणि खाली ते नाव, फिकट पण स्पष्ट. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, तिचं दुकान अडतीस मीटरवर आहे. हा फलक शून्य मीटरवर आहे. आणि तो मी लावून घेतला आहे." ते भले गृहस्थ. पंधरा दिवसांत चित्रकलेच्या सरांनी खालची पट्टी पांढरी करून त्यावर शाळेचं नाव लिहिलं. मला मोबाईलवर फोटो पाठवला.

तिचं काय झालं, तेही सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट सोयीची होईल. तिने बरण्या दुकानातून काढून घरी नेल्या. घर मागच्या गल्लीत, पन्नास मीटरच्या पलीकडे. काही पोरं तिथवर जातात, सगळी जात नाहीत. गल्ला कमी झाला. त्याची भरपाई नियमात कुठे नाही आणि कंपनीच्या माणसांनी तर पुन्हा तोंडही दाखवलं नाही. दुकानावरची ती पत्र्याची पाटी तिने उतरवली आणि गळक्या न्हाणीवर टाकली. "मजबूत हाय जी पत्रा," मला म्हणाली. "पावसाचा एक थेंब येत नाही."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा पुन्हा फोन आला. पंधरा ऑगस्टला काय वाटायचं? गोळ्या तर चालणार नाहीत, बुंदी-जिलबीचंही मन होईना. मी म्हटलं, फुटाणे आणि गूळ वाटा, आणि तिच्याकडूनच घ्या. पोरं खूष झाली असं मी म्हणणार नाही. आमच्या नातवाने तर ऐकूनच तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मोबाईलवरच्या खेळात डोकं घातलं. त्या खेळात दर थोड्या वेळाने चॉकलेटची जाहिरात येते. ती किती मीटरवर धरायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पण त्या पंधरा ऑगस्टला मी गेलो होतो. झेंडावंदन झालं, रांगा सुटल्या, आणि ती कागदाच्या पुड्यांचं टोपलं घेऊन फाटकातून आत आली. पुड्या जुन्या वर्तमानपत्राच्या, त्यांवर कोणाचंही नाव नाही. वाटायला तिनेच सुरुवात केली. माझ्यापर्यंत आली, एक पुडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या गुर्जी. गूळ काढून ठेवला तुमचा. तुमाले शुगर हाय ना."